अर्धी बाटली कोळसा

हे लिहायला बसण्यापूर्वी मी एक अख्खी विडी शेवटच्या झुरक्यापर्यंत ओढली. माझ्या घरात, माझ्या ओट्यावर, कुणालाही न विचारता. यात काय मोठेसे, असे वाचकांना वाटेल. पण जतकडच्या माळावर मी जे चार दिवस काढले, त्यात विडीसाठी मला शंभर पावले लांब जावे लागे. आधी चिमूटभर माती हवेत उडवून वारा बघायचा, मग वाऱ्याच्या खालच्या अंगाला पावले मोजत जायचे, मग काडी पेटवायची. शंभराव्या पावलापर्यंत तल्लफ बहुधा रस्त्यातच सांडलेली असे. आणि हे सगळे कशासाठी? तर एका खड्ड्यातल्या कोळशाला माझा धूर लागू नये म्हणून! कोळशाला धूर लागू नये! मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकले तेव्हा हसलो होतो. नंतर हसलो नाही.

मिरज, सोमवार सकाळ

वसंता माझा पलूसच्या शाळेतला बाकसोबती. पुढे मी त्याच शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो आणि तो पुण्याला जाऊन डॉक्टर झाला. माणसांचा नव्हे, दगडांचा. आदिमानवाने कुठला दगड कुठून खणून काढला, त्याची पाती कशी पाडली, हे तो सांगतो. ऐकणारा मिळाला तर थांबत नाही. त्याचे कार्ड आले: "खड्ड्यांची चित्रे काढायला माणूस हवा. रजा टाक. मिरज स्टेशनवर भेट. विड्या आणू नकोस." मी दोन बंडले घेतली आणि निघालो.

वर्ष दुष्काळाचे होते. आमचा कृष्णाकाठ तेव्हाही हिरवा होता, हे लिहिताना आज मला थोडे ओशाळल्यासारखे होते. पूर्वेकडे मात्र विहिरी कोरड्या पडल्या होत्या आणि गावेच्या गावे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. अशाच एका कामावर टेकडी फोडताना खांद्याइतके रुंद, पुरुषभर खोल, दगडाच्या कपच्यांनी बुजलेले खड्डे लागले. तिथल्या इंजिनिअरने वसंताला पत्र टाकले आणि वर मुदत दिली: गुरुवारी दुपारी बारापर्यंत खड्ड्यांच्या अंगाला सुरुंग लावणार नाही, नंतर मात्र नाइलाज आहे.

स्टेशनवरच्या चहावाल्याकडे वसंताने मला सगळा तंटा सांगितला. असे खड्डे त्याला पूर्वीही दोन ठिकाणी दिसले होते. त्याचे म्हणणे, ह्या आदिमानवाच्या खाणी. काचेसारखी धार देणारी गार तो यातून काढत असे. पण भरसभेत एका मोठ्या विद्वानाने त्याची टर उडवली होती. म्हणे, "हे खड्डे आमच्या आजोबांच्या काळचे आहेत. विड्या आणि ठासणीच्या बंदुका पेटवायला लोक चकमकीच्या गारा खणत. तुमच्या आदिमानवाला विडी ओढायची होती का?" सभा हसली होती. वसंता तेव्हापासून हसलेला नव्हता.

"मग तू कसं सिद्ध करणार?" मी विचारले.

"कोळसा," तो म्हणाला. "खड्ड्याच्या तळाशी त्या माणसांनी केलेल्या जाळाचा कोळसा मिळाला की झालं."

त्याने समजावले ते असे. झाड जिवंत असते तोवर हवेतला एक विशिष्ट कार्बन घेत राहते. तोडले, जाळले, की घेणे थांबते आणि आहे तो फार हळूहळू, पण ठरल्या गतीने आटत जातो. किती उरला ते प्रयोगशाळेत मोजले की झाड कधी मेले ते कळते. मात्र जुन्या कोळशात आजचा चिमूटभर कोळसा मिसळला, तरी हिशेब बिघडतो आणि सगळाच नमुना तरुण दिसू लागतो.

"म्हणून विडी नाही, उदबत्ती नाही, नुसत्या हाताने शिवायचं नाही, कागदात बांधायचं नाही," वसंता म्हणाला. मला मुंजीतल्या बटूसारखे वाटू लागले.

एस.टी.त कंडक्टरने वसंताच्या मोजमापाच्या काठ्यांकडे बोट दाखवले. त्या त्याने लांबच लांब खोळीत गुंडाळल्या होत्या. "तंबोऱ्याचं येगळं तिकीट पडंल." मिरजेत चढलेले लांब गाठोडे म्हणजे तंबोराच, यात त्याला शंका नव्हती. वसंताने त्याला पुरातत्त्व समजावायला सुरुवात केली. मी घाईने तिकीट काढले, नाहीतर आम्ही अजून मिरजेतच असतो.

टेकाखाली, सोमवार संध्याकाळ

मिरजेकडून डॉक्टर आलेत म्हटल्यावर काय होणार? या मुलखातला माणूस पोट फाडून घ्यायलासुद्धा मिरजेलाच जातो. उतरल्या उतरल्या तीन गुडघे, एक मोतीबिंदू आणि एक कण्हणारा म्हातारा आमच्यापुढे उभे. वसंता कळवळून सांगू लागला की मी दगडांचा डॉक्टर आहे. म्हातारा म्हणाला, "मग बराबर हाय की. माजा मुतखडाच हाय."

आमची सोय गजराबाईंच्या छपरात होती. साठीच्या, काटक, कपाळावर मोठे गोंदण. घरात एकट्याच. नवरा आणि मुलगे मेंढरे घेऊन पाण्याच्या मुलखात गेलेले. दिवसा त्या खडी फोडत.

"कुठनं आला म्हनायचं?" त्यांनी विचारले.

"पलूसहून, आक्का."

"आँ! आमची मेंढरं तितंच हायत की, तुमच्या उसाच्या रानात बसवायला. म्हंजे आमची मेंढरं तुमच्या रानात, आन् तुमी आमच्या खड्ड्यात." आणि त्या खदखदून हसल्या. माझी आणि त्यांची गट्टी तिथेच जमली.

घरून मी काकवीचा डबा आणला होता, तो त्यांना दिला. त्यांनी आम्हाला लाल मिलोची भाकरी वाढली. दुष्काळात परदेशातून आलेला हा जोंधळा. रंग विटेचा, चव त्याहून थोडी उणी. सोबत हुलग्याचे पातळ, ऊन माडगे. माडगे झकास होते. भाकरीबद्दल मी तोंड वाकडे करणार होतो, तेवढ्यात दिसले की गजराबाईंनी स्वतःसाठी फक्त अर्धीच ठेवली आहे. तोंड सरळ ठेवून खाल्ली.

मंगळवार

सकाळी माझा डबा घासूनपुसून परत आला. उचलला तर जड. आत दोन मुठी हुलगे.

"आक्का, हे कशाला? तुमच्याकडेच…"

"रिकामं भांडं म्हागारी द्यायची रीत न्हाई आमच्यात," त्या जरा रागानेच म्हणाल्या. "भांडं काय म्हनंल?"

आमची आईसुद्धा शेजारची वाटी कधी रिकामी परत पाठवत नसे. घरात काही नसले तर साखरेचे चार दाणे. म्हणजे ही रीत मला चांगली ठाऊक होती. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण मी ठेवले नाही.

टेकावर गेलो. अर्धी टेकडी आधीच खडी होऊन रस्त्याकडेला पडली होती. उरलेल्या अर्ध्या अंगावर पाच-सहा खड्डे. एक वसंताने निवडला, कारण त्याच्या तोंडाशी चुनखडीचा टणक पापुद्रा धरला होता. असा पापुद्रा धरायला काळ लागतो. तो अभंग असेल तर खाली नंतर कुणी हात घातलेला नाही, असे तो म्हणाला आणि पापुद्र्याकडे असा बघत राहिला, की लग्नात त्याने बायकोकडेही तसे पाहिले नसेल. मी साक्षीला होतो.

कामावरचे मुकादम म्हणजे निवृत्त हवालदार, मूळचे साताऱ्याकडचे. मिशा इस्त्रीच्या. त्यांनी घड्याळ दाखवले. "डाक्टरसाब, बेस्तरवारी बारा म्हंजे बारा. एक मिनिट फालतू न्हाई. हितल्या बायकांचं काम सुरुंगावर हाय. सुरुंग न्हाई तर दगूड न्हाई, दगूड न्हाई तर हजेरी न्हाई."

मी वसंताला बाजूला घेतले. "अरे, पुण्याहून तार करव, टेकडी राखून ठेवा म्हणावं."

तो खडी फोडणाऱ्या बायकांकडे बघत राहिला. "कुणाच्या तोंडचा घास राखून ठेवू, मास्तर? टेकडी जाऊ दे. मला फक्त तळ बघायचाय."

मी कागद-पेन्सिल उचलली.

खड्ड्यात उतरायचा मान माझा, कारण चित्रे मी काढणार. चित्रे काढणे म्हणजे, माझ्या समजुतीने, झाडाखाली बसून दोन-चार रेघा. वसंताच्या समजुतीने, दोरी बांधून, उलटे लोंबकळत, प्रत्येक दगड मोजून कागदावर. दगड सुमारे चारशे. प्रत्येक दगडाशी माझी ओळख झाली. काहींची नावे ठेवली. दुपारच्या उन्हात खड्डा तापला की मला आदिमानवाबद्दल वाईट वाटू लागे, मग वसंताबद्दल वाईट विचार येऊ लागत.

दुपारी हवालदारांनी वसंताच्या वर्मावर घाव घातला. खिशातून एक पोलादी पट्टी, गारेचा तुकडा आणि कापसाची डबी काढली. "ही आमच्या सासऱ्याच्या बापाची चकमक. हितला मानूस. म्हातारा ह्याच टेकावरनं गारा न्यायचा म्हनत्यात." आणि चट्ट करून ठिणगी पाडून दाखवली.

वसंताचा चेहरा असा पडला, की मी शंभर पावले न मोजता तिथून दूर गेलो. त्याच्या विद्वान शत्रूने भाड्याने साक्षीदार आणला असता, तरी इतका चोख मिळाला नसता.

बुधवार

बुधवारी अकराच्या सुमारास तळ लागला. कपच्यांचा ढीग संपला आणि खाली खडकाच्या कुशीत राखट माती, काळे तुकडे. वसंता ओरडला नाही. त्याने फक्त माझा हात धरला आणि दुखेपर्यंत दाबला.

खडकाची ती बाजू लालसर भाजलेली होती, तडकलेली. गजराबाई आणि दोन-तीन बायका न्याहारीच्या सुटीत वरून डोकावत होत्या.

"ह्यो तर जाळ लावून फोडलाय," गजराबाई म्हणाल्या. "आमीबी असंच करायचो, सुरुंग यायच्या आदी. मोठा दगूड आसंल तर भवतीनं जाळ करायचा आन् तापला की पानी वतायचं. फाट करून फुटतोय."

वसंताने मान वर केली. "काय म्हणालात? परत सांगा." परत सांगितल्यावर त्याचे डोळे चमकू लागले. म्हणजे हा कोळसा कुणी सहज शेकोटी केली त्याचा नव्हे. ज्याने दगड काढला त्याचे हे हत्यारच. याचे वय तेच खाणीचे वय.

गजराबाई मात्र वेगळ्याच विचारात होत्या. खड्ड्याच्या काठावर बसून त्या म्हणाल्या, "दगडावर वतायला पानी हुतं व्हय त्येंच्याकडं?"

त्यांच्या मागे, उतारावर, टँकरची वाट बघत घागरींची रांग लागली होती.

कोळसा वसंताने स्टीलच्या चिमट्याने एकेक तुकडा उचलून रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत भरला. तीन तास लागले. मी वरून छत्री धरून उभा, कारण माझा घाम आत पडू नये. माझा घामसुद्धा आधुनिक! बाटली अर्धी भरली. प्रयोगशाळेला पुरेल इतकी, पण जेमतेम. दुसऱ्यांदा काढायला खड्डा शिल्लक राहणार नव्हता.

छपरात वारा, धूळ आणि गावची पोरे. मग ठेवायची कुठे? गजराबाई म्हणाल्या, "उतरंडीत ठिवा की." मडक्यांवर मडकी रचलेली त्यांची उतरंड म्हणजे घरातली तिजोरी. तिसऱ्या मडक्यात बाटली ठेवायचे ठरले. वसंता खड्ड्याकडे परत निघाला आणि जाताना मला म्हणाला, "त्यांना नीट सांग. झाकण उघडायचं नाही, आत काही जायला नको."

आता कबुलीजबाब. मी सांगितले, पण नीट नाही. समोर श्रोता दिसला की माझ्या अंगात येते, ही गोष्ट आमच्या गावच्या नाटकमंडळींना ठाऊक आहे. मी बाटली दोन्ही हातांवर घेतली, गुडघा टेकला आणि सुरू झालो. "आक्का, ह्या बाटलीत डॉक्टरांचा जीव आहे! पुण्याहून इथवर आले, उपाशी राहिले, उन्हात करपले, सभेत हसं झालं आणि एवढं करून मिळालं काय? अर्धी बाटली! बघा, अर्धी! भरली असती तर बिचाऱ्याचं तोंड हसरं झालं असतं." गजराबाईंनी पदर तोंडाला लावून हळहळ केली. मला टाळी मिळाल्यासारखे वाटले. झाकणाचे वाक्य राहून गेले.

गुरुवार

गुरुवारी सकाळी शेवटची चित्रे झाली. साडेअकराला आम्ही वर आलो. हवालदारांनी लाल फडके फिरवले, शिटी फुंकली. बायका, पोरे, शेळ्या, आम्ही सगळे ओढ्यापलीकडे. बाराला, घड्याळ लावून घ्यावे असा, सुरुंग उडाला. धूळ बसली तेव्हा मी ज्या चारशे दगडांना ओळखत होतो, त्यांतला एकही जागेवर नव्हता.

"जाऊ दे," वसंता म्हणाला. "बाटली आहे."

घरी आलो. गजराबाईंनी उतरंड उतरवली आणि हसऱ्या तोंडाने बाटली पुढे केली.

बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

वसंता बघत राहिला. मीही. बाटलीतला कोळसा छान काळाभोर दिसत होता.

"आक्का," मी कसाबसा म्हणालो, "हे काय?"

"आवं, अर्धी बाटली कशी धाडायची? सकाळी माज्या चुलीतला चांगला घातला. इजवून, निवडून. राक न्हाई त्यात जरासुदीक. तुमी म्हनला न्हवं का, भरली आसती तर बरं झालं आसतं?"

वसंता हळूहळू खाली बसला. त्याने आधी बाटलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी त्याला सगळे सांगितले, गुडघा टेकल्यासकट. लपवून काय करणार? साक्षीदार समोर उभ्या होत्या.

"मास्तर," तो अगदी शांतपणे म्हणाला, "विडी तू शंभर पावलं लांब जाऊन ओढलीस. जीभ कुठे ठेवली होतीस?"

मी विडीचे बंडल खिशात आणखी खोल सारले.

एव्हाना हवालदार आणि चार बायका दारात जमल्या होत्या. हवालदारांनी निकाल देऊन टाकला. "ऑर्डर साफ पायजे हुती. ऑर्डर न्हाई दिली, मंग फॉल्ट मास्तरांचा. म्हातारीचा न्हाई."

पण गजराबाईंचा चेहरा उतरला होता. "काय वंगाळ झालं का डाक्टर? माजा कोळसा खराब हाय व्हय?"

"तुमचा कोळसा चांगला आहे, आक्का," वसंता म्हणाला. तो चिडला असता तर मला बरे वाटले असते. "पण नवा आहे. हा खड्ड्यातला फार जुना आहे. दोन्ही मिसळून मोजले, तर सगळाच कमी वयाचा निघणार. लोक म्हणतील, खाण परवाची आहे."

गजराबाईंनी बाटली उचलून उन्हाकडे धरली. मग म्हणाल्या, "म्हंजे म्हाताऱ्या मेंढरांत मी कोकरं सोडली."

"अगदी तसंच."

"मग येवडं तोंड पाडायला काय झालं?" त्यांनी पदर खोचला. "कोकरं माजी हायत. येगळी काडते. सांच्याला चार जनांची मेंढरं एका पान्यावर येत्यात, तवा काय आमी चिट्ट्या बांदतो व्हय त्येंच्या गळ्यात?"

वसंता काही बोलायच्या आत त्यांनी परात मांडली. त्याने चिमटा पुढे केला.

"चिमट्यानं वजन कसं कळंल? हातच पायजे."

मी डोळे मिटले. चार दिवसांचे सोवळे! पण वसंता विचार करत म्हणाला, "हात स्वच्छ धुवा. तुकडे तिकडे ॲसिडमध्ये धुतातच. वरवरचं निघून जातं."

"म्हणजे माझा धूरही निघून गेला असता?" मी विचारले.

"बहुतेक," तो म्हणाला.

बहुतेक! हा शब्द मी त्याला अजून माफ केलेला नाही.

उन्हात, दारासमोर, परातीभोवती आम्ही कोंडाळे करून बसलो. गजराबाई एकेक तुकडा उचलून तळव्यावर जोखत, उन्हाकडे धरत, परातीत टाकून आवाज ऐकत. "हे बगा. माजं सरपन तरवडाचं. बारीक काटकी, मदी गर. जळला की पोकळ. वाजतोय कसा, खण्ण. आन् ह्यो तुमचा. थोराड लाकडाचा हाय, आडवा फुटलाय. पानी पिऊन बसलाय न्हवं का मातीत, म्हून जड. फस वाजतोय." माझ्या कानाला दोन्ही सारखेच. बाकीच्या बायकांच्या कानाला नाही. "आवं मावशी, त्यो तुमचा न्हाई, त्यो खड्ड्याच्या बुडाचा हाय," अशा दुरुस्त्या चालल्या होत्या, आणि त्यातली एक मान्यही झाली. शंका आली तो तुकडा वेगळ्या वाटीत. भुगा झाला तो तर वसंताने स्वतःच फेकून दिला.

दोन तासांनी परातीच्या एका कडेला खड्ड्यातला कोळसा, दुसऱ्या कडेला चुलीतला. भुग्यात आणि शंकेत बराच गेला होता. तळहातावर मावेल इतका उरला.

"पुरेल?" मी विचारले.

"पुरेल. पण ह्यावर विश्वास कोण ठेवणार?" वसंता म्हणाला. "फॉर्मवर नमुना कसा काढला ते लिहावं लागतं."

"मग लिहू नकोस. कुणाला कळणार आहे?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले, की मी पुन्हा एकदा चौथीच्या वर्गात गेलो. मग तो गजराबाईंच्या बाजूचा ढीग बघत राहिला आणि एकदम उठून पिशवीतून दुसरी बाटली काढली. पहिली घासूनपुसून पालथी घातली होती, तीही घेतली. एकीत खड्ड्यातला कोळसा, दुसरीत चुलीतला. बाटल्यांवर नुसते एक आणि दोन आकडे.

"दोन्ही पाठवतो," तो म्हणाला. "आक्कांचा हात खरा असेल, तर दुसरीत आजचा निघेल आणि पहिलीत जुना. हात चुकला असेल, तर दोन्हींत मधलेच कुठले तरी वय निघेल. मग त्या विद्वानांनी खुशाल हसावं."

आणि फॉर्मवर त्याने सगळे लिहिले. माझ्या नाटकासकट.

पलूस, आणि पुन्हा तिकडे

पुढचे कित्येक महिने मी पोस्टमनला टाळत होतो. एकदाचे वसंताचे पत्र आले. नेहमी गिचमिड लिहिणाऱ्याने टपोऱ्या अक्षरात लिहिले होते: "दोन नंबर, आजचा. एक नंबर, लोखंड अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हते तेव्हाचा. चकमकवाल्या आजोबांना नमस्कार. मास्तर, तुला माफ केले. बाटली सोबत पाठवतो आहे, ती आक्कांची झाली. तू जाऊन दे." सभेत तो विद्वान पुन्हा हसला, पण दुसऱ्या बाटलीचा निकाल वाचेपर्यंतच, असेही खाली लिहिले होते.

मी बाटलीत काकवी भरली आणि दिवाळीनंतर निघालो. यंदा एस.टी. थेट गजराबाईंच्या वाडीपर्यंत गेली, नव्या रस्त्याने. उतरल्यावर टेक शोधू लागलो. दिसेना. मग लक्षात आले, मी आत्ता त्याच्यावरूनच आलो. सगळा टेक चाकांखाली पसरला होता. गजराबाईंनी आणि त्यांच्या सोबतिणींनी हाताने फोडलेला.

मेंढरे परतली होती. गजराबाईंनी आधी मला ताक दिले, मग बातमी ऐकली. मी उभा राहून, हातवारे करून, दोन्ही बाटल्यांचा निकाल साग्रसंगीत सांगितला. खड्ड्यातला कोळसा हजारो वर्षांचा म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. जणू ते त्यांना ठाऊकच होते.

"आन् माजा?"

"तुमचा आजचा. अगदी आजचा. एकही तुकडा इकडचा तिकडे नाही."

"मग!" त्या म्हणाल्या. नवऱ्याकडे वळून पुन्हा म्हणाल्या, "बगा. येक बी कोकरू चुकलं न्हाई." आणि इतक्या खूश झाल्या, की वसंताचा आदिमानव बाजूलाच पडला. थोड्या वेळाने, ताकाचे भांडे उचलताना, त्या स्वतःशीच म्हणाल्या, "म्हंजे तवा हितं पानी हुतं."

निघताना त्यांनी काकवी मडक्यात ओतून घेतली, बाटली धुतली, कोरडी केली.

"आक्का, बाटली तुमचीच आहे. ठेवा."

"ती डाक्टरांची. त्येंना द्या. काम पडंल पुन्यांदा." आणि बाटली हातात घेऊन त्या घरभर नजर फिरवू लागल्या. मी ओळखले. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती, ती मी तशीच राहू दिली.

त्यांनी उतरंड उतरवली, तळच्या मडक्यातून यंदाचे नवे हुलगे काढले, निवडले आणि बाटलीत ओतू लागल्या. अर्धी झाली तेव्हा हात थांबला. माझ्याकडे बघून हसल्या आणि गळ्यापर्यंत भरली.